तीन महिन्यांची शुगर ५.८ आली, म्हणजे शुगर झाली का?

मोडनिंब, तालुका माढा, जिल्हा सोलापूर इथून आपला हा पॉडकास्ट. प्रवासात रेंज जाते म्हणून, किंवा ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं म्हणून जे इथं येतात, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय. बोलताना घातलेले "म्हणजे बघा" थोडे कमी केलेत, बाकी तेच.

आजचा भाग विशी-तिशीतल्या पोरापोरींसाठी आहे. प्रश्न साधारण असा असतो: "वय २३. काही त्रास नाही. अंगावर चरबी नाही. फुल बॉडी चेकअपचं पॅकेज केलं, रिपोर्टची पीडीएफ फोनवर आली, आणि त्यात एचबीए१सी ५.८, ठळक अक्षरात. खाली लिहिलंय प्रीडायबेटिस. मला शुगर झाली का?"

आता हा प्रश्न नुसता तब्येतीचा राहत नाही. घरात रिपोर्ट कळला की आई भात बंद करते. लग्नाचं बघत असतील तर "मुलीला शुगर आहे म्हणे" हे गावभर व्हायला वेळ लागत नाही. म्हणून हा आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, ते नीट समजून घेऊ.

उत्तर आधीच देऊन टाकतो. एकट्या ५.८ वरून शुगर झाली असं म्हणता येत नाही. आणि एकट्या त्या आकड्यावरून सगळं ठीक आहे असंही म्हणता येत नाही. त्याच्यासोबत आणखी एक आकडा बघावा लागतो, जो बहुतेक वेळा त्याच पीडीएफमध्ये दोन पानं आधी असतो: हिमोग्लोबिन.

हा आकडा मोजतो काय?

आपलं रक्त लाल दिसतं ते तांबड्या पेशींमुळे. त्या पेशींत हिमोग्लोबिन असतं, ते ऑक्सिजन वाहून नेतं. रक्तात साखरही फिरत असते, आणि त्यातली थोडी साखर या हिमोग्लोबिनला जाऊन चिकटते. एकदा पक्की चिकटली की ती पेशी मरेपर्यंत सुटत नाही. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. म्हणून किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटलीय हे मोजलं, की मागच्या दोन-तीन महिन्यांत रक्तात साखर सरासरी किती होती याचा अंदाज येतो. म्हणूनच आपल्याकडे या टेस्टला सरळ "तीन महिन्यांची शुगर" म्हणतात.

सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला हे साखर कारखान्याच्या भाषेत लगेच कळेल. कारखान्याचा आजचा साखर उतारा वेगळा आणि हंगामाचा सरासरी उतारा वेगळा. आज पाऊस झाला, ऊस शिळा आला, तर आजचा उतारा पडतो. त्यावरून हंगाम वाईट गेला असं कुणी म्हणत नाही. उपाशीपोटीची शुगर म्हणजे त्या सकाळचा उतारा. एचबीए१सी म्हणजे हंगामाची सरासरी.

यातून तीन गोष्टी निघतात. एक, या टेस्टला उपाशीपोटी जावं लागत नाही. दोन, टेस्टच्या आधी दोन दिवस गोड बंद करून आकडा सुधारत नाही. तीन, ५.८ टक्के म्हणजे रक्तात ५.८ टक्के साखर नव्हे. शंभर भाग हिमोग्लोबिनपैकी पावणेसहाच्या आसपास भागांना साखर चिकटलेली आहे, एवढाच त्याचा अर्थ. साखर थोडी तर प्रत्येकाच्याच हिमोग्लोबिनला चिकटलेली असते. शून्य कुणाचंच येत नाही.

अजून एक बारकावा. तीन महिन्यांची सरासरी असली तरी तिन्ही महिन्यांचं वजन सारखं नसतं. आकड्याचा साधारण निम्मा भाग शेवटच्या एका महिन्यातून येतो.

मग नॉर्मल किती?

सगळ्यात जास्त वापरली जाणारी वाटणी अशी आहे:

- ५.७ च्या खाली: नॉर्मल
- ५.७ ते ६.४: प्रीडायबेटिस, म्हणजे उंबरठा
- ६.५ आणि वर: डायबेटिस. त्रासाची लक्षणं नसतील तर दुसऱ्यांदा तपासून खात्री करायची.

निरोगी तरुण माणसाचा आकडा बहुतेक वेळा पाचच्या आसपास, साडेपाचच्या खाली असतो. ४.९ आणि ५.३ यात काही भारी-हलकं नाही. कुणाचा ५.३ असेल आणि मित्राचा ४.९, तर मित्र जास्त निरोगी आहे असं होत नाही. ही परीक्षा नाही, मार्क कमी-जास्त मोजायला.

बऱ्याच रिपोर्टमध्ये खाली "सरासरी ग्लुकोज" म्हणून आणखी एक आकडा छापतात, आणि तो बघून पोरं जास्त घाबरतात. हा आकडा एका ठरलेल्या सूत्रानं काढलेला असतो. ५ टक्क्यांना तो ९७ येतो, ५.५ ला १११, ६ ला १२६, ६.५ ला १४०. आता "माझं १११ आहे आणि नॉर्मल तर १०० पर्यंत असतं ना?" असं वाटतं. तर ते १०० उपाशीपोटीचं आहे. हे १११ म्हणजे जेवणानंतरची, रात्रीची, सगळी साखर धरून आलेली दिवसभराची सरासरी. दोन्हींची तुलना करायची नाही.

आणि ५.७ ही रेघ काही दगडावर कोरलेली नाही. साखर चिकटलेल्या या हिमोग्लोबिनचा डायबेटिसशी संबंध १९६८ साली इराणमध्ये तेहरानला सॅम्युएल रहबर यांच्या लक्षात आला. पुढं कितीतरी वर्षं ही टेस्ट ज्यांना डायबेटिस आहेच, त्यांची शुगर आटोक्यात आहे का हे बघायला वापरली जायची. निरोगी दिसणाऱ्या माणसाला डायबेटिस आहे का हे ठरवायला तिचा वापर रीतसर सुरू झाला तो २०१० च्या सुमारास. अमेरिकेच्या डायबेटिस संघटनेनं ५.७ ते ६.४ ला प्रीडायबेटिस म्हटलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये डायबेटिससाठी ६.५ ची रेघ मान्य केली, पण त्याच्या खालच्या आकड्यांना नाव द्यायला पुरेसा पुरावा नाही असं सांगितलं. ब्रिटनमध्ये उंबरठा ६ पासून धरतात. म्हणजे तुमचा ५.८ अमेरिकेच्या वाटणीत प्रीडायबेटिस, आणि ब्रिटनच्या वाटणीत नाही. रक्त तेच, माणूस तोच.

त्यात मशीनचा फरकही असतो. तेच रक्त दोनदा तपासलं तर ०.१, ०.२ इकडं-तिकडं होऊ शकतं. ५.६ ला "वाचलो" आणि ५.८ ला "संपलो" असं काही नसतं.

पुण्यात काय दिसलं?

आता मुख्य मुद्द्याकडं येऊ. हे संशोधन आपल्याच महाराष्ट्रातलं आहे.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा गट कितीतरी वर्षं डायबेटिसवर काम करतोय. त्यांनी काही मुलांचा लहानपणापासून पाठपुरावा केला. ही मुलं मोठी झाली, सरासरी साडेएकवीस वर्षांची झाली, तेव्हा त्यातल्या ११६ जणांची दोन पद्धतींनी तपासणी केली. एक पद्धत जुनी आणि पक्की: उपाशीपोटी रक्त घ्यायचं, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला द्यायचं, दोन तासांनी परत रक्त घ्यायचं. दुसरी पद्धत म्हणजे एचबीए१सी. हा अभ्यास २०१२ मध्ये "डायबेटिस केअर" या नियतकालिकात आला.

ग्लुकोज पाजून केलेल्या टेस्टमध्ये ७.८ टक्के पोरं उंबरठ्यावर निघाली. ११६ मध्ये ९ जण. आणि एचबीए१सीनं? २३.३ टक्के. म्हणजे २७ जण. त्याच पोरांचं, त्याच वेळचं रक्त, आणि तिप्पट फरक. डायबेटिस असलेले मात्र दोन्ही पद्धतींनी सारखेच, २.६ टक्के.

मग बाकीच्या पोरांचा आकडा चढला कशानं? याच ११६ जणांत तिघांपैकी एकाचं रक्त कमी होतं, आणि तिघांपैकी एकाहून जास्त जणांत लोह कमी होतं. आकडा चढण्यामागं साखर होतीच, पण काही भाग या कमी रक्ताचाही होता. अभ्यासाच्या शीर्षकातच त्यांनी म्हटलंय की तरुण भारतीयांत एचबीए१सीनं दिसणारं प्रीडायबेटिसचं जास्त प्रमाण फसवं आहे, आणि कमी रक्त, कमी लोह हे त्याचं काही अंशी कारण आहे.

रक्त कमी असलं की शुगरचा आकडा का चढतो?

लोह कमी पडलं की शरीराला नव्या तांबड्या पेशी बनवायला जड जातं. नव्या पेशी कमी आल्या की रक्तात जुन्या पेशींचं प्रमाण वाढतं. जुनी पेशी जास्त दिवस साखरेत फिरलेली असते, तिच्यावर साखर जास्त चिकटलेली असते. रक्तातली साखर एक कणही वाढलेली नाही, तरी टक्का वर जातो. लोहाच्या गोळ्या घेऊन रक्त भरलं, नव्या पेशी आल्या, की हाच टक्का खाली येतो.

आता हे आपल्या भागात केवढं मोठं आहे बघा. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. पुरुषांत २२ टक्के. म्हणजे २३ वर्षांच्या मुलीच्या रिपोर्टमध्ये ५.८ आला, तर सगळ्यात आधी तिचं हिमोग्लोबिन बघायला पाहिजे. नाहीतर होतं काय? ज्या पोरीला खरं म्हणजे लोहाची गरज आहे, तिला "शुगर आहे" म्हणून घरचे खायलाच कमी देतात. नसलेल्या आजाराचा शिक्का बसतो, आणि असलेला आजार तसाच राहतो.

याच्या उलटही होतं. काही गोष्टींत तांबड्या पेशी लवकर मरतात किंवा नव्या पेशी भराभर येतात. मग साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. सिकलसेलचा आजार, बराच रक्तस्राव, गरोदरपण ही त्याची उदाहरणं. जयंतीच्या किंवा गणपतीच्या शिबिरात नुकतंच रक्तदान केलं असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण त्यानंतर काही आठवडे आकडा थोडा हलू शकतो. रक्तदान जरूर करा, टेस्टची तारीख तेवढी पुढं घ्या.

पण म्हणून निवांत बसायचं नाही

इथवर वाचून कुणी म्हणेल, "म्हणजे ५.८ फालतू आहे, चला, रसवंतीवर." तर थांबा. पुण्याचा तोच गट दुसरी गोष्टही सांगतो.

२००४ मध्ये "लॅन्सेट" मध्ये एक छोटा लेख आला, दोन डॉक्टरांच्या फोटोसह. एक याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. म्हणजे उंचीच्या मानानं वजन सारखं. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपण भारतीय बाहेरून बारीक दिसतो आणि आत चरबी बाळगतो, विशेषतः पोटात. जन्मतः सुद्धा तसंच. पुणे भागातल्या खेड्यांतल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पण आपल्या बाळांत हाडं-स्नायू कमी पडतात, चरबी त्या मानानं टिकून राहते.

१९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत सुरू झालेल्या अभ्यासातली मुलं १८ वर्षांची झाली तेव्हा त्यांची ग्लुकोज पाजून तपासणी झाली. ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली नॉर्मलच्या बाहेर निघाल्या. ही शहरातली, जिमबाहेर पिझ्झा खाणारी पोरं नव्हती. शेतकरी कुटुंबांतली, बहुतेक सडपातळ. आणि इथं एचबीए१सीचा फसवेपणा नव्हता, कारण टेस्ट ग्लुकोजची होती.

म्हणजे "मी बारीक आहे, मला काय होतंय" हे वाक्य मोडनिंबमध्येही खरं नाही आणि पुण्यातही नाही. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या देशभरच्या अभ्यासानं भारतात १० कोटींहून जास्त लोकांना डायबेटिस आणि साडेतेरा कोटींच्या आसपास लोक उंबरठ्यावर असल्याचा अंदाज दिला.

रिपोर्ट हातात आला की काय करायचं?

पीडीएफ उघडा आणि क्रमानं बघा.

पहिलं, हिमोग्लोबिन. बाईचं १२ च्या खाली किंवा पुरुषाचं १३ च्या खाली असेल, तर रक्त कमी आहे. हिमोग्लोबिन ठीक आहे पण त्याच पानावरचा एमसीव्ही, म्हणजे पेशीचा आकार, कमी आहे, तरी लोह कमी असू शकतं. डॉक्टर गरज वाटली तर फेरिटिन तपासायला सांगतील. घराण्यात थॅलेसेमिया असेल तर तेही सांगा.

दुसरं, उपाशीपोटीची शुगर. १०० च्या खाली नॉर्मल, १०० ते १२५ उंबरठा, १२६ आणि वर डायबेटिसच्या बाजूला. आठ तास पोटात काही नको, पाणी चालेल. चहा नाही, बिनसाखरेचा पण नाही.

तिसरं, हे दोन्ही जुळत नसतील, म्हणजे एचबीए१सी ५.९ आणि उपाशीपोटी ८८, तर ग्लुकोज पिऊन दोन तासांची टेस्ट करून घ्या. दोन तासांनी १४० च्या खाली नॉर्मल, १४० ते १९९ उंबरठा, २०० आणि वर डायबेटिस. वेळखाऊ आहे, पण शंका मिटते.

चौथं, रक्त कमी निघालं तर आधी ते भरा, आणि मग डॉक्टरांच्या सल्ल्यानं तीन-चार महिन्यांनी एचबीए१सी परत करा. पंधरा दिवसांनी परत करून उपयोग नाही, पेशीच अजून बदललेल्या नसतात.

आणि ज्यांनी टेस्ट केलीच नाही त्यांचं काय? सरकारी आरोग्य केंद्रात डायबेटिसची घरोघरची तपासणी ३० वर्षांपासून पुढं धरतात. त्याआधी कुणी आपणहून बोलवणार नाही. पण आई-वडलांना शुगर असेल, बीएमआय २३ च्या वर असेल, कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या किंवा बायकांची ८० च्या वर असेल, पीसीओडी असेल, किंवा गरोदरपणात शुगर वाढली होती, तर तिशीची वाट बघू नका.

एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवा

तरुण पोराला किंवा पोरीला अचानक खूप तहान लागतेय, रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागतंय, आणि खाऊनही वजन उतरतंय, तर तीन महिन्यांच्या शुगरच्या रिपोर्टसाठी थांबायचं नाही. त्याच दिवशी बोटाला टोचून शुगर बघायची. टाइप वन डायबेटिस काही आठवड्यांत उसळतो, आणि सरासरी सांगणारी टेस्ट त्याच्या मागं राहू शकते. उलट्या, पोटदुखी, धाप असेल तर थेट दवाखाना.

खाण्यापिण्याचं दोन शब्दांत

आकडा ५.२ चा ४.८ करायच्या मागं लागू नका. नॉर्मलमध्ये आहात, राहा तिथंच. खरंच उंबरठ्यावर असाल, तर मात्र आत्ताचे कष्ट कामाला येतात. चेन्नईला झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उंबरठ्यावरच्या लोकांनी चालणं आणि आहार सांभाळला तर तीन वर्षांत डायबेटिस होण्याचं प्रमाण पावभागाहून जास्त कमी झालं.

आपल्याकडं करण्यासारखं काय? जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला, फोन कानाला लावून का होईना. आठवड्यातून दोन-तीनदा जोर-बैठका मारा, कारण साखर खर्च करणारा मोठा गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. ताटात भाकरी ठेवा, पण सोबत उसळ, डाळ, अंडं, दही वाढवा. आणि उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला सांगायला वाईट वाटतं, पण गूळही साखरच आहे. "गुळाचा चहा आहे, चालतो" असं रक्ताला कळत नाही.

रक्त कमी असणाऱ्यांसाठी एक सोपी गोष्ट: जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा नको. चहामुळं जेवणातलं लोह कमी शोषलं जातं. तास-दोन तास जाऊ द्या. पालेभाजीवर, उसळीवर लिंबू पिळा, त्यानं लोह जास्त मिळतं. गोळ्या सांगितल्या असतील तर बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका.

तर मंडळी, रिपोर्ट आला की एचबीए१सीचा एकटा स्क्रीनशॉट कुणाला पाठवू नका, हिमोग्लोबिनचं पान पण जोडा. डॉक्टरांकडं जाताना दोन्ही घेऊन जा आणि सरळ विचारा, "माझं रक्त कमी असल्यामुळं हा आकडा चढलाय का?" हा प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे. घरात कुणी पोरगी असा रिपोर्ट लपवून बसली असेल, तर तिला हा भाग पाठवा. प्रश्न असतील तर व्हॉइस मेसेज करा, नाव घेतलं जाणार नाही.

भेटू पुढच्या भागात. तोवर, जेवण झालं असेल तर उठा, जरा चालून या.